घड्याळ फिरविणारी पेटी : घ्यावी की नाही, आणि घेतली तर वापरावी कशी?

गेल्या काही वर्षांत लग्नाच्या आहेरात आणि दुबई-जेद्दाहून येणाऱ्या सामानात एक नवी वस्तू दिसू लागली आहे. काचेचे झाकण असलेली चौकोनी पेटी, आत मखमली उशी, उशीवर मनगटी घड्याळ. खटका दाबला की उशी घड्याळासह गोल फिरू लागते. हिला वॉच वाइंडर म्हणतात. आमच्या घरात मात्र तिचे नाव ‘घड्याळाचा पाळणा’ असे पडले आहे. ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसतानाही चालू राहावे, हा या पेटीचा उद्देश होय.

मी कापडाचा व्यापारी आहे, घड्याळाचा नाही. परंतु या पेटीपायी माझे एक नुकसान झाले, आणि ते पैशात मोजण्यासारखे नव्हते. त्यानंतर मी कारीगर मंडळींकडे बसून, विचारून-समजून जी माहिती गोळा केली, ती आपल्या व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

अब्बांचे घड्याळ

आमचे वालिदसाहेब १९८४ साली हजला गेले. त्या काळी मुंबईहून जहाजाने जाण्याची सोय होती. तो जलमार्ग पुढे १९९५ साली बंद झाला. परत येताना त्यांनी जेद्दाच्या बाजारातून एक सिको फाइव्ह घड्याळ आणले. स्टीलची केस, निळी तबकडी, आणि वार अरबीत तसेच इंग्रजीत दाखविणारी खिडकी. मालेगावच्या आमच्या लूमच्या शेडमध्ये ते घड्याळ तेहतीस वर्षे त्यांच्या मनगटावर होते. कापसाची धूळ, घाम, मशीनचा धक्का, सगळे त्याने सोसले.

२०१७ साली वालिदसाहेबांचे निधन झाले. लूम, गाळे, घर यांची वाटणी दोघा भावांत हिशेबाने झाली. घड्याळ मात्र मोठ्या भाईंनी स्वतःहून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “ही अब्बांची अमानत आहे. बंद पडू देऊ नकोस.”

मी ते शब्द अक्षरशः घेतले. माझ्या हातात रोज बॅटरीचे घड्याळ असते. अब्बांचे घड्याळ कपाटात ठेवले की दुसऱ्या दिवशी रात्री बंद पडे, आणि मला अपराध्यासारखे वाटे. २०२० साली माझ्या बहिणीच्या मुलाने दुबईहून अशी एक पेटी आणून दिली. मला आनंद झाला. घड्याळ उशीवर चढविले, खटका दाबला, आणि तीन वर्षे तो खटका बंद केला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिमानाने दाखवीत असे, की पहा, अब्बांचे घड्याळ एक मिनिटही थांबलेले नाही.

२०२३ साली ते दिवसाला दहा-बारा मिनिटे मागे पडू लागले. मग पेटीत फिरत असतानाच थांबू लागले. आमच्या गावातील एक वयोवृद्ध घडीसाज चाचा आहेत. त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिले. आत जे अर्धगोल वजन फिरते, त्याच्या मधल्या भागाभोवती काळी भुकटी साचली होती. वजन ढिले होऊन झाकणाला आतून घासत होते आणि झाकणावर चकचकीत गोल रेघ उमटली होती. तेलाचा मागमूस नव्हता.

“शेवटचे तेलपाणी केव्हा केले होते?” त्यांनी विचारले. मला आठवेना. वालिदसाहेबांच्या हयातीत केव्हा तरी झाले असावे.

चाचा म्हणाले, “बेटा, बंद ठेवल्याने घड्याळ मरत नाही. कोरडे चालविल्याने मरते. तू ह्याला तीन वर्षे उपाशी पळवलेस.”

ऑटोमॅटिक घड्याळ चालते कसे?

पेटीचा फायदा-तोटा समजण्यासाठी आधी घड्याळ समजले पाहिजे. घड्याळाची ताकद एका गुंडाळलेल्या कमानीत असते. जुन्या चावीच्या घड्याळात, उदाहरणार्थ एचएमटी जनतामध्ये, आपण रोज सकाळी कान पिळून ही कमानी आवळतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम रोटर नावाचे अर्धगोल वजन करते. हात हलला की हे वजन आपल्या भाराने खाली झुकते, त्याबरोबर चाके फिरतात आणि कमानी आवळली जाते. मनगटी घड्याळात ही युक्ती जॉन हारवूड नावाच्या इंग्रज कारीगराने आणली आणि १९२४ साली तिचे स्विस पेटंट मिळविले. त्याचे वजन मर्यादित फेऱ्यातच हेलकावे खात असे. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ साली बाजारात आणला. जपानच्या सिकोने १९५९ साली ‘मॅजिक लिव्हर’ ही सोपी रचना काढली, तिच्यामुळे रोटर उजवीकडे फिरो वा डावीकडे, कमानी आवळलीच जाते. १९६३ सालापासून निघालेली सिको फाइव्ह घड्याळे स्वस्त असूनही मजबूत ठरली, त्यात या रचनेचाही वाटा आहे.

पूर्ण भरलेली कमानी साधारण चाळीस तास पुरते. काही नव्या घड्याळांत सत्तर-ऐंशी तासही चालते. तितका वेळ घड्याळ हातात घातले नाही तर ते थांबते. हा बिघाड नव्हे, ती त्याची रीतच आहे.

कमानी पूर्ण भरल्यावरही रोटर फिरत राहिला तर ती तुटत का नाही? ऑटोमॅटिकच्या कमानीचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीला पक्के जोडलेले नसते. ताण फार झाला की ते भिंतीवर घसरते आणि जादा ताण सोडून देते. म्हणून पेटीत ठेवल्याने घड्याळाला ‘जास्त चावी बसून’ ते तुटेल, ही भीती बरोबर नाही. परंतु घसरणे म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे झीज. डब्याच्या भिंतीवरील ग्रीस त्याने लवकर संपते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पेटी काय करते आणि काय करीत नाही

पेटी घड्याळाला थांबू देत नाही, एवढेच तिचे काम. ती घड्याळाची दुरुस्ती करीत नाही, आयुष्य वाढवीत नाही, आणि वेळ अचूकही करीत नाही. विकणारे सांगतात की घड्याळ बंद राहिले तर तेल गोठते, म्हणून ते सतत चालते ठेवावे. पूर्वीच्या तेलांबाबत यात थोडे तथ्य होते. आजकालची कृत्रिम तेले तशी लवकर गोठत नाहीत. आणि तेल काळाने वाळते, घड्याळ चालू असो की बंद. वाळलेल्या तेलावर घड्याळ बंद राहिले तर काही बिघडत नाही. चालू राहिले तर धातूवर धातू घासतो.

आपल्या लूमवाल्या बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. एका दिवसाच्या विश्रांतीने कोणाचा लूम गंजून गेल्याचे ऐकले आहे काय? उलट त्याच दिवशी तेलपाणी होते, ढिले नट आवळले जातात, आणि शनिवारी मशीन बरे चालते. जो मालक तेल न देता दोन्ही पाळ्या ओढतो, त्याचा लूम भंगारात जातो.

घड्याळाचा हिशेब करून पहा. अब्बांचे घड्याळ सेकंदाला सहा ठोके देते, म्हणजे तासाला २१,६०० आणि दिवसाला ५,१८,४००. वर्षाला ही संख्या जवळजवळ १९ कोटींवर जाते. इतके काम ज्या मशीनकडून घ्यायचे, त्याला चार-पाच वर्षांतून एकदा उघडून, धुऊन, तेल देणे हे उपकार नव्हे, हक्क आहे.

कोणाला हवी, कोणाला नको?

पेटी विकत घेण्यापूर्वी स्वतःला पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट, घड्याळ खरोखर ऑटोमॅटिक आहे काय? बॅटरीच्या घड्याळाला या पेटीचा काडीचा उपयोग नाही. चावीच्या घड्याळालाही नाही, कारण त्यात रोटरच नसतो. ज्या घड्याळात हाताच्या हालचालीने वीज तयार होऊन साठते, जसे सिकोचे कायनेटिक, त्यालाही ही साधी पेटी लागू नाही. माझ्या माहितीतील एका गृहस्थांनी जावयाला बॅटरीच्या घड्याळासोबत पेटी भेट दिली, आणि जावई वर्षभर ते घड्याळ पेटीत फिरवीत राहिला!

दुसरी गोष्ट, एकच ऑटोमॅटिक आहे आणि ते रोज वापरता काय? मग पेटीची गरज नाही. दिवसा आठ-दहा तास चालता-फिरता हात हलला की रात्रीपुरती कमानी भरलेली असते. शुक्रवारच्या सुट्टीतही ते थांबत नाही.

तिसरी गोष्ट, घड्याळ महिन्यातून एखाद्या वेळी वापरता काय? मग ते बंद राहू द्या. वापरायचे असेल त्या दिवशी वेळ लावण्यास दोन मिनिटे लागतात.

पेटी खरी उपयोगी पडते ती दोन प्रकारच्या लोकांना. ज्यांच्याकडे दोन-चार ऑटोमॅटिक आहेत आणि जे ती आलटून-पालटून वापरतात, ते एक. दुसरे म्हणजे ज्यांच्या घड्याळात चंद्रकला किंवा कायमचे कॅलेंडर असते. कायमचे कॅलेंडर म्हणजे ३० की ३१, लीप वर्ष आहे की नाही, हे घड्याळ स्वतःच जाणते. असे घड्याळ थांबले तर वार, तारीख, महिना, वर्ष सगळे पुन्हा क्रमाने लावावे लागते आणि चुकीचा खटका दाबला तर मोठा खर्च येतो. स्वित्झर्लंडच्या पार्मिजियानी कंपनीने हिजरी सनाचे असे कायमचे कॅलेंडर असलेले मनगटी घड्याळ बनविले आहे. त्याला २०२० साली जिनिव्हाच्या प्रसिद्ध घड्याळ-स्पर्धेत नावीन्याचे पारितोषिक मिळाले. हिजरी गणिताच्या तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षे ३५५ दिवसांची आणि बाकीची ३५४ दिवसांची असतात. हा सारा हिशेब त्यात दातेरी चाकांनी होतो. अशा घड्याळाच्या मालकाने पेटी घेतली तर ती चैन नाही, शहाणपणा आहे. परंतु सिको किंवा सिटीझनच्या साध्या तारखेच्या घड्याळाला हा नियम लावू नये.

घेताना काय पहावे?

बाजारात एका घड्याळाची पेटी दोन-चार हजारांपासून मिळते, आणि लाखाच्या पुढे जाणाऱ्याही आहेत. लाकूड, कातडे आणि काचेची चमक पाहून किंमत देऊ नये. कापड घेताना आपण पोत पाहतो, घडीवरचा छाप पाहत नाही. तसेच येथे करावे.

फेऱ्या : बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना दिवसाकाठी ६५० ते ९५० फेऱ्या पुरतात. चांगल्या पेटीत या फेऱ्या ठरविण्याचे बटण असते, ६५०, ७५०, ९०० असे टप्पे. पेटी थोडा वेळ फिरते, मग थांबते, पुन्हा फिरते. ज्या पेटीत फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच आहे, ती घेऊ नये. माझी पेटी तशीच होती. नंतर मी घड्याळ लावून मोजले, तर ती मिनिटाला आठ फेऱ्या घेत होती आणि कधीच थांबत नव्हती. म्हणजे दिवसाला ११,५२० फेऱ्या! जेथे सातशे पुरल्या असत्या तेथे सोळा पट. तीन वर्षांत सव्वा कोटीहून अधिक. रोटरचा मधला भाग झिजला नसता तरच नवल.

दिशा : काही घड्याळांत रोटर दोन्ही बाजूंनी फिरून चावी भरतो, तर काहींत एकाच बाजूने, दुसऱ्या बाजूने तो नुसता मोकळा फिरतो. सिकोची साधी ऑटोमॅटिक आणि स्विस ईटीए २८२४ दोन्ही बाजूंनी भरतात. पुष्कळ क्रोनोग्राफ घड्याळांत बसविले जाणारे ७७५० हे मशीन, आणि जपानी मियोटा ८२१५, एकाच बाजूने भरतात. म्हणून पेटीत उजवी, डावी आणि दोन्ही अशा तिन्ही दिशा असाव्यात. आपल्या घड्याळात कोणते मशीन आहे ते घडीसाज झाकण उघडून रोटरवर किंवा मशीनवर वाचून सांगू शकतो.

उभेपणा : रोटर फिरतो तो स्वतःच्या भाराने. घड्याळ आडवे, तबकडी आभाळाकडे करून ठेवले आणि तसेच गोल फिरविले, तर रोटरला खाली झुकायला जागा नसते आणि तो घड्याळाबरोबरच फिरतो. मग चावी भरत नाही. उशी उभी किंवा चांगली तिरकी असली पाहिजे.

मोटर आणि चुंबक : पेटी बहुधा निजण्याच्या खोलीत असते, म्हणून मोटर बिनआवाजाची हवी. जपानी मोटरचे नाव पुष्कळ पेट्यांवर असते, पण नुसत्या नावावर जाऊ नये. रात्रीच्या शांततेत कान लावून पहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटरमध्ये चुंबक असते. त्यावर नीट आवरण नसेल तर घड्याळाच्या बाल कमानीला चुंबक लागते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. याची परीक्षा घरच्या घरी होते. आपल्या प्रत्येकाच्या घरी किबलानुमा असतो. तो रिकाम्या उशीच्या जागी धरून पेटी चालू करावी. सुई थरथरू लागली किंवा जागा सोडून वळली, तर चुंबक बाहेर येत आहे असे समजावे आणि ती पेटी परत करावी.

उशी : घड्याळाचा पट्टा उशीवर घट्ट बसला पाहिजे. ढिला असेल तर उशी फिरते आणि घड्याळ जागीच घसरते. उशी फार मोठी असेल तर चामड्याचा पट्टा ताणला जातो. जाड स्टीलच्या साखळीचे घड्याळ स्वतः उशीवर बसवून, फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वजनाने उशी अडखळते काय, तेही तेथेच कळते.

वीज : वीज जाऊन परत आल्यावर पेटी पूर्वीच्याच फेऱ्या आणि दिशेवर सुरू होते काय, हे विचारावे. तिजोरीत ठेवायची असेल तर बॅटरीवर चालणारी घ्यावी. तिजोरीला वायरसाठी भोक पाडणे शहाणपणाचे नाही. अडॅप्टर पेटीबरोबर आलेलाच वापरावा. मोबाईलचा चार्जर बसतो म्हणून लावू नये, व्होल्ट आधी वाचावेत.

वापरण्याची रीत

पेटीत ठेवण्यापूर्वी घड्याळ एकदा घडीसाजाला दाखवावे. आता मोठ्या कारीगरांकडेच नव्हे, लहान दुकानांतही टाईमग्राफर नावाचे यंत्र असते. घड्याळ त्यावर ठेवले की दिवसाला किती पुढे-मागे जाते आणि आतील चक्र किती जोराने झुलते ते दिसते. पूर्ण भरलेल्या घड्याळाचा झोका दोनशे अंशांच्याही खाली असेल तर पेटी विसरा, आधी तेलपाणी करा.

घड्याळ पूर्ण बंद असेल तर पेटीच्या भरवशावर सुरू करू नये. ज्याला कान पिळून चावी देता येते त्याला वीस-पंचवीस पिळे द्यावेत. जुन्या सिको फाइव्हला अशी चावी नसते. ते आडवे धरून अर्धा मिनिट हळूहळू गोल हलवावे. २०१९ साली निघालेल्या नव्या फाइव्ह स्पोर्ट्समध्ये मात्र हाताने चावी देण्याची सोय आहे. मग वेळ लावून घड्याळ उशीवर चढवावे.

सुरुवात नेहमी सर्वांत कमी फेऱ्यांवर करावी, म्हणजे ६५० च्या आसपास, दिशा दोन्ही. चार दिवस पहावे. घड्याळ थांबले नाही तर पाचव्या दिवशी ते पेटीतून काढून मेजावर ठेवावे आणि किती तास चालते ते मोजावे. चाळीस तासांचे घड्याळ पस्तीस-अडतीस तास चालले तर फेऱ्या पुरेशा आहेत, वाढवू नयेत. पंधरा-वीस तासांतच थांबले तर एक टप्पा वर जावे. एकाच दिशेने भरणारे मशीन असेल तर दिशा बदलून पहावी. ९५० पर्यंत जाऊनही घड्याळ थांबते तर दोष बहुधा पेटीत नसून घड्याळात आहे; कारीगराकडे जावे.

तारीख आणि वार रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता तुटू शकतो. काटे सहावर आणून मग तारीख लावणे सर्वांत सुरक्षित.

कोकण आणि मुंबईच्या बांधवांनी पावसाळ्यात विशेष लक्ष द्यावे. बंद काचेच्या पेटीत ओलावा कोंडतो आणि चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यावी.

आणि शेवटची गोष्ट, जी मी केली नाही: पेटीतील घड्याळ हे हातातील घड्याळाप्रमाणेच ‘वापरलेले’ धरावे. तेलपाण्याची तारीख कागदावर लिहून पेटीच्या तळाशी चिकटवावी. उमरा, हज किंवा परगावचा दौरा असेल तर पेटी बंद करून जावे.

दुकानदार आणि कारीगरांसाठी

हा माल आता दुकानांतही येऊ लागला आहे. जे बांधव घड्याळ, भेटवस्तू किंवा परफ्यूमचा धंदा करतात त्यांनी तो जरूर ठेवावा. परंतु गिऱ्हाईकाला प्रथम विचारावे की घड्याळ कोणते आहे. बॅटरीच्या घड्याळासाठी मागणारा असेल तर त्याला स्पष्ट सांगावे की हे तुमच्या कामाचे नाही. आज एक पेटी कमी विकली जाईल, पण ते गिऱ्हाईक दहा वर्षे तुमचे राहील. मालाचा दोष सांगून माल विकणे हा आपल्या बाजाराचा जुना दस्तूर आहे.

घडीसाज बांधवांना यात विशेष संधी आहे. मोबाईल आल्यापासून घड्याळाचे काम कमी झाले अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. १९६१ साली जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने बंगळूरला ज्या एचएमटी घड्याळांचे उत्पादन सुरू झाले, तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. आणि आज तीच जुनी घड्याळे शौकीन लोक शोधून दुरुस्त करून घेत आहेत. ऑटोमॅटिक वापरणारा गिऱ्हाईक हा पैसे देऊन सर्व्हिसिंग करणारा गिऱ्हाईक आहे. त्याच्या घड्याळाचे मशीन, दिशा, फेऱ्या आणि पुढच्या तेलपाण्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून देण्यास पाच मिनिटे लागतात. घड्याळाला लागलेले चुंबक काढण्याचे यंत्र थोडक्या पैशात येते. एवढ्या दोन गोष्टींनी गिऱ्हाईक पुन्हा दाराशी येतो.

लाकडाचे बारीक काम करणाऱ्या कारीगरांनीही विचार करावा. मोटर आणि वेळेचा सर्किट तयार मिळतो. पेटी, कोरीव झाकण आणि उशी हे हातचे काम आहे. बाहेरून येणाऱ्या पुष्कळ पेट्यांना लाकडाचा नुसता कागद चिकटविलेला असतो. सागवानी, खऱ्या सांध्याची पेटी ज्याच्या हातून निघेल, त्याचा माल त्यांच्याहून उजवा ठरेल.

शेवटी

अब्बांचे घड्याळ चाचांनी दुरुस्त केले. त्यासाठी दुसरे एक जुने, मोडके सिको शोधून त्याचा रोटर आणि काही चाके बसवावी लागली. घड्याळ आता वेळ बरोबर दाखविते. परंतु जो रोटर तेहतीस वर्षे वालिदसाहेबांच्या हाताबरोबर हलला, तो आता माझ्या मेजाच्या खणात एका कागदाच्या पुडीत आहे. तो परत बसण्यासारखा राहिलेला नाही.

मी मोठ्या भाईंकडे जाऊन खरे काय ते सांगितले. ते थोडा वेळ पुडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अब्बा दर शुक्रवारी लूम थांबवून स्वतः तेलाची कुपी घेऊन फिरत असत. तू ते रोज पाहत होतास.” त्यांनी मला दुसरे काही म्हटले नाही.

आता ते घड्याळ सहा दिवस कपाटात बंद असते. शुक्रवारी आंघोळ करून जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी मी ते हातात घेतो, अर्धा मिनिट हळूहळू हलवितो, काटे सहावर आणून वार-तारीख लावतो, मग वेळ मिळवितो आणि मनगटावर बांधतो. रविवारी केव्हा तरी ते आपोआप थांबते. त्याच्या पुढील तेलपाण्याची तारीख कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे. फिरणारी पेटी माझ्याकडे अजून आहे, पण तिची वायर काढून ठेवली आहे.